काळीकाठचा धनेश आणि त्याचे राखणदार

बेळगावाहून गोव्याकडे निघालेला प्रवासी खानापूर आणि लोंढा मागे टाकून रामनगरला पोहोचतो, तेव्हा घाट उतरण्यापूर्वी चहापाण्यासाठी थांबण्याचे एक ठिकाण, यापलीकडे त्या गावाची ओळख त्याला होत नाही. येथून पुढे अनमोडचा घाट लागतो. एक फाटा जोयड्याकडे जातो, आणि कॅसल रॉकहून खाली कोकणात उतरणारा लोहमार्गही येथून फार दूर नाही. बाजारात मराठी, कोंकणी आणि कानडी या तिन्ही भाषा एकाच तोंडी ऐकू येतात. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी एका भाषेत बोलतो, तर दुसऱ्याशी दुसऱ्या. आणि हिशेब मात्र मनातल्या मनात तिसऱ्याच भाषेत करतो.

परंतु हे गाव केवळ रस्त्याने वसविलेले नाही. ते पाण्याने वसविलेले आहे. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर सुपे नावाचे गाव होते. तालुक्याला नाव होते तेही त्याचेच. काळी नदीवर गणेशगुडी येथे १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ साली पुरे झाले आणि सुपे व त्याच्या आसपासची खेडी जलाशयाखाली गेली. तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, आणि विस्थापितांपैकी बऱ्याच जणांनी रामनगरात नव्याने चूल मांडली. दूरच्या शहरांत दिवे लागावेत म्हणून ज्यांनी आपले अंगण पाण्याला दिले, अशा माणसांचे हे गाव आहे. ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. कारण पुढे ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, त्याचे मूळ येथेच आहे.

रामनगरच्या दक्षिणेस आणि पश्चिमेस जे अरण्य पसरले आहे, त्याची गणना सह्याद्रीतील उत्तम अरण्यांत होते. वाघ, काळा बिबट्या, गवा, हत्ती आणि अस्वल यांचे ते घर आहे. तथापि या अरण्याचा खरा मानकरी कोण, असे कुणी विचारलेच, तर वाघाबरोबर धनेशाचेही नाव घ्यावे लागेल. भारताच्या या भागात आढळणारे धनेशाचे चारही प्रकार, म्हणजे महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि साधा राखी धनेश, काळीच्या खोऱ्यात एकत्र नांदतात. दांडेलीच्या लाकडाच्या डेपोत तोडलेल्या ओंडक्यांच्या राशी असतात, आणि त्याच आवारातील उभ्या झाडांवर कवड्या धनेशांचे थवे येऊन बसतात. तोडलेले झाड आणि उभे झाड यांचा संबंध इतक्या जवळून दाखविणारे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

महाराष्ट्राशी आणि मुंबईशी या पक्ष्याचे नाते जुने आहे. १८८३ साली मुंबईत आठ निसर्गप्रेमी गृहस्थांनी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. त्या आठांत डॉक्टर आत्माराम पांडुरंग आणि डॉक्टर सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थ होते. १८९४ साली कारवारच्या एका गृहस्थाने काही महिन्यांचे महाधनेशाचे पिल्लू या सोसायटीस भेट दिले. त्याचे नाव ‘विल्यम’ असे ठेवण्यात आले. हे विल्यमसाहेब पुढे सव्वीस वर्षे सोसायटीच्या कचेरीत सचिवाच्या खुर्चीमागे वास्तव्य करून होते. दुरून फेकलेला टेनिसचा चेंडू ते चोचीत अचूक झेलीत. १९२० साली तारेचा तुकडा गिळल्याने त्यांचा अंत झाला. आज सोसायटीच्या मुंबईतील वास्तूस धनेशाचेच नाव आहे, आणि तिच्या बोधचिन्हावरही तोच पक्षी आहे. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या रानातून गेलेल्या एका पिलाने भारतातील निसर्गाभ्यासाला असे कायमचे चिन्ह दिले. त्या काळी हा जिल्हा मुंबई इलाख्यातच मोडत असे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा तो त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला.

धनेशाचा संसार मोठा विलक्षण असतो. सुतार पक्ष्याप्रमाणे त्याला झाडात ढोली कोरता येत नाही. जुन्या, प्रचंड वृक्षाची फांदी मोडून, बुंधा कुजून जी ढोली आपोआप तयार होते, तीच त्याला शोधावी लागते. थंडी सरता सरता मादी त्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा गर इत्यादींच्या लेपाने ढोलीचे दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी एक चीर तेवढी राहते. त्या अंधाऱ्या कोठडीत ती एक किंवा दोन अंडी घालते, सुमारे चाळीस दिवस ती उबविते, आणि याच काळात तिची उडण्याची पिसे गळून नवी येतात. म्हणजे त्या दिवसांत तिला उडता येणे शक्य नसते. तिचा आणि पिलाचा सारा भार नरावर असतो. तो दिवसातून अनेकदा रानातून फळे वेचून आणतो आणि गळ्यातून एक एक काढून त्या चिरेतून आत देतो. पुढे पिलू वाढले की मादी दार फोडून बाहेर पडते. पिलू ते दार पुन्हा लिंपते आणि मग दोघेही त्याला भरवू लागतात. सुमारे चार महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिलू बाहेरचे जग पाहते.

आता या व्यवस्थेतील नाजूक दुवा कोणता, हे सहज कळून येईल. फळे आणावयास गेलेला नर कुणाच्या बंदुकीला बळी पडला, तर तो एकटाच मरत नाही. लिंपलेल्या दाराआड त्याचे सारे कुटुंब उपाशी मरण्याचा धोका असतो. ढोलीचे झाड कुणी तोडले, तर एका वर्षाचे पिलू जाते एवढेच नव्हे, वर्षानुवर्षे वापरात असलेले घरच नाहीसे होते. तशी दुसरी ढोली तयार होण्यास माणसाच्या दोन-तीन पिढ्या जाव्या लागतात. आणि धनेश गेला तर रानाचे काय होते? वड, उंबर, रानजायफळ, धूप अशा झाडांची फळे तो खातो आणि बिया दूर दूर टाकतो. रानजायफळासारखी मोठ्या बियांची फळे गिळण्याचे सामर्थ्य फार थोड्या पक्ष्यांत असते. रानातले लोक त्याला रानाचा शेतकरी म्हणाले, तर त्यात काव्य कमी आणि वस्तुस्थितीच अधिक आहे. २०१८ पासून महाधनेशाची गणना जगभरच्या संकटग्रस्त प्राण्यांत होत आहे.

अशा पक्ष्याचे रक्षण कसे व्हावे? सरकारी उत्तर कायद्याचे असते, आणि ते आवश्यकच आहे. दांडेलीचे अभयारण्य १९५६ साली जाहीर झाले. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. १९८७ साली अणशीचे राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव मिळाले. २०११ साली दांडेलीजवळ काळीच्या काठची वने खास धनेशासाठी संवर्धन राखीव म्हणून घोषित झाली. एका पक्ष्याच्या नावाने राखून ठेवलेले क्षेत्र, ही गोष्ट आपल्या देशात विरळाच म्हणावी लागेल.

परंतु कायदा कचेरीत राहतो आणि ढोली रानात असते. जानेवारी ते मे या काळात कोणत्या झाडावर नर खेपा घालतो, कोणत्या दिवशी दार लिंपले गेले, कोणत्या दिवशी खेपा थांबल्या, हे पाहण्यासाठी पहाटे उठून रानात चालणारा माणूस लागतो. तो माणूस बहुधा शहरातला नसतो. तो कुणबी, गवळी किंवा सिद्दी असतो. काळीच्या खोऱ्यातील शिकारप्रतिबंधक छावण्यांत राहून रात्रंदिवस गस्त घालणाऱ्यांत आणि अभ्यासकांबरोबर वाट दाखवीत हिंडणाऱ्यांत अशाच माणसांचा भरणा आहे. कुणब्यांना झाडांची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. सुरण, कणगी, कोनफळ अशा कंदांचे नाना प्रकार त्यांनी आपल्या परसात जतन केले आहेत, आणि जोयड्याला भरणाऱ्या कंदमुळांच्या मेळाव्यात ते मांडलेले पाहिले म्हणजे शास्त्रज्ञही थक्क होतात. गवळ्यांना म्हशींमागे फिरताना पाणवठे आणि जनावरांचे माग कळतात. कित्येक शतकांपूर्वी आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आणल्या गेलेल्या सिद्द्यांच्या वंशजांना हे रान आता मातृगृहासारखे झाले आहे.

आधुनिक संशोधनाला या ज्ञानाची गरज कमी झालेली नाही, उलट वाढलेली आहे. वाघांची गणना आता पावलांच्या ठशांवरून करीत नाहीत. पायवाटेच्या दोन्ही बाजूंस आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे बसवितात आणि अंगावरील पट्ट्यांवरून एक एक वाघ ओळखतात. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे दोन वाघांचे पट्टे कधीही सारखे नसतात. डॉक्टर उल्हास कारंत यांनी १९९० नंतरच्या दशकात नागरहोळेच्या रानात ही पद्धत शास्त्रीय पायावर उभी केली. याच पद्धतीमुळे असे कळून आले की २०१८ साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात टिपला गेलेला एक वाघ २०२० साली काळीच्या अरण्यात होता. म्हणजे कोयना-चांदोलीपासून काळीपर्यंतची रानाची साखळी अजून तुटलेली नाही. परंतु कॅमेरा कोणत्या वळणावर बांधावयाचा, हे यंत्राला कळत नाही. ते वाट दाखविणाऱ्याला कळते.

ही साखळी तुटू नये म्हणून न्यायालयांनाही लक्ष घालावे लागले आहे. रामनगरच्या जवळून जाणाऱ्या लोहमार्गाच्या कॅसल रॉक ते कुळे या घाटातील टप्प्यावर दुसरा रूळ टाकण्यास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली रद्द ठरविली. असले निर्णय वर्तमानपत्रांत येतात. ज्यांच्या गावावरून हा रूळ जावयाचा होता, त्यांचे म्हणणे मात्र वर्तमानपत्रांत फारसे येत नाही.

येथेच मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभाक्षेत्रात राहणाऱ्या कुटुंबांनी स्वेच्छेने बाहेर यावे, म्हणून त्यांना रक्कम देण्याची योजना आहे. ती पूर्वी कुटुंबामागे दहा लाख रुपये होती. २०२१ साली पंधरा लाख करण्यात आली. काळीच्या अरण्यातील काही कुटुंबांनी ती स्वीकारली. शाळा, दवाखाना आणि रस्ता यांपासून दूर, पावसाळ्यात जगाशी संबंध तुटणाऱ्या वाडीत ज्यांनी दिवस काढले, त्यांनी बाहेर येण्याचे ठरविले तर त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. परंतु ज्यांना यावयाचे नाही, त्यांचे काय? वनहक्कांचा २००६ सालचा कायदा सांगतो की ग्रामसभेची खुली संमती असल्याखेरीज कुणालाही हलविता येणार नाही. कायद्याची ही भाषा चांगली आहे. मात्र संमती कागदावर घेणे आणि ती मनात असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. ज्या वाडीचा रस्ता होत नाही, विजेचा खांब येत नाही, आणि गवे व रानडुकरे पीक खाऊन गेली तर भरपाईसाठी खेटे घालावे लागतात, त्या वाडीने दिलेली संमती कितपत खुली म्हणावयाची?

रामनगरातील वडीलधाऱ्या माणसांना हा प्रश्न पुस्तकातून समजावून घ्यावा लागत नाही. एकदा विजेसाठी उठावे लागले. आता त्याच खोऱ्यातील उरलेल्यांना वाघासाठी उठावयास सांगण्यात येते. दोन्ही वेळा कारण राष्ट्रहिताचे आहे, आणि दोन्ही वेळा त्या हिताचा भार एकाच तालुक्याच्या खांद्यावर आहे. त्याही पूर्वी, इंग्रजी अमदानीत, डोंगरउतारावरील कुमरी शेतीवर निर्बंध आले तेव्हाही हेच लोक शेताबाहेर पडले होते. अशा माणसांना ‘तुम्ही वनाचे शत्रू’ असे म्हणणे हा अन्याय तर आहेच, परंतु ते व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही. कारण ज्याला रान परके वाटू लागते, तो ढोलीवर पहारा करीत नाही.

लोकांना बरोबर घेऊन हे काम होऊ शकते, याचे दाखले आहेत. थायलंडच्या दक्षिण भागात बुडो पर्वतावर धनेशाची पिले चोरून विकणारे लोक होते. पिलाय पूनस्वाद या विदुषीने त्यांनाच घरट्यांचे राखणदार केले. ज्यांना ढोली कोठे आहे हे ठाऊक होते, त्यांच्याच हाती तिची किल्ली दिली. आपल्याकडे अरुणाचल प्रदेशातील पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेवर न्यिशी जमातीच्या लोकांनी २०११-१२ पासून असेच काम अंगावर घेतले. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन ही संस्था आणि तेथील वनखाते त्यांच्या साथीला आहेत. शहरातील माणसे एकेका घरट्याचा खर्च उचलतात आणि त्यातून राखणदाराला वेतन मिळते. न्यिशींच्या मस्तकावरील परंपरागत टोपीला धनेशाची खरी चोच लावण्याची रीत होती. तेथे आता तंतुकाचेची चोच आली आहे. परंपरा राहिली आणि पक्षीही राहिला.

कोकणातही हे घडले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी सागरी कासवांची अंडी कुत्री-कोल्ही आणि माणसे फस्त करीत. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने ती राखण्यास आरंभ केला आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, घरचे जेवतात आणि पहाटे पिले समुद्राकडे जाताना पाहतात. अंडे खाण्यापेक्षा राखण्यात लाभ आहे, हे कुणाला व्याख्यान देऊन सांगावे लागले नाही. पुण्याच्या एका पर्यावरण-संशोधन संस्थेने संगमेश्वराकडे दुसरा मार्ग धरला. तेथील महाधनेश बेहड्याच्या जुन्या झाडांत घरटे करतो, आणि ती झाडे खाजगी मालकीची असल्याने लाकडासाठी तोडली जात. संस्थेने बेहड्याची फळे शास्त्रशुद्ध रीतीने गोळा करून चांगल्या भावाने विकण्याची सोय लावून दिली. उभे झाड दरसाल पैसे देऊ लागले, तसा कुऱ्हाडीचा मोह कमी झाला.

या सर्व उदाहरणांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की राखणदाराचे काम हे काम आहे. ती सेवा नव्हे, आणि उपकार तर नव्हेच. रोजंदारीवर, विम्यावाचून, पगाराची वाट पाहत रानात राहणाऱ्याकडून निष्ठेची अपेक्षा करणे सोपे असते. परंतु त्याच्या घरी चूल पेटावी लागते. दुसरी गोष्ट अशी की ज्ञानाला नाव असावे. झाड कुणी दाखविले, ढोली कुणी शोधली, हे शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या एका ओळीत न मावणारे ऋण आहे. तिसरी गोष्ट अशी की पर्यटनाचा पैसा गावात उतरला पाहिजे. गणेशगुडीला दूरदूरचे छायाचित्रकार मोठाली भिंगे घेऊन येतात. त्यांच्या येण्याने कुणब्याच्या घरातील कंदांना आणि गवळ्याच्या तुपाला गिऱ्हाईक मिळाले, तर पक्षी आणि माणूस यांचे हितसंबंध एक होतील. ते न मिळाले, तर पाहुण्यांच्या गाड्यांची धूळ तेवढी वाडीच्या वाट्याला येईल.

यात अडचणी नाहीत असे नव्हे. धनेशाचा संसार शांत असतो. हत्तीचा आणि वाघाचा तसा नाही. शेतातील भात एका रात्रीत तुडवून गेलेल्या हत्तीबद्दल प्रेम बाळगा, असे शेतकऱ्याला सांगण्यास धाडस लागते. गवळ्याची दुभती म्हैस वाघाने नेली, तर त्याच्या घरचे निम्मे उत्पन्न त्या रात्रीच जाते. तेथे लोकसहभाग या शब्दाने भागत नाही. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली पाहिजे. शिवाय गाव म्हणजे एकमत नव्हे. तरुणाला रस्ता आणि नोकरी हवी असते, वृद्धाला देवराई आणि शेत. एकाला रक्कम घेऊन बाहेर यावेसे वाटते, दुसऱ्याला नाही. लोकांना बरोबर घेणे म्हणजे हे सारे मतभेद ऐकून घेणे. हुकूम काढण्यापेक्षा त्याला फार अधिक वेळ लागतो. परंतु ढोली तयार होण्यास जेवढा वेळ लागतो, त्याच्या मानाने तो काहीच नाही.

दरवर्षी पौष-माघाच्या सुमारास काळीच्या खोऱ्यात धनेशाच्या पंखांचा आवाज वाढतो. त्याच्या पंखांतून वारा इतक्या जोराने शिरतो की कॅसल रॉकच्या घाटात चढणाऱ्या आगगाडीचा भास व्हावा. तो आवाज कोणत्या झाडाकडे गेला, हे पाहण्यासाठी कुणीतरी पायवाटेवर थांबलेला असतो. ते झाड आपले आहे असे त्याला वाटत असेल, तर पावसापूर्वी पिलू बाहेर पडण्याची शक्यता पुष्कळ असते. पुढच्या साली आपल्यालाच येथून उठावे लागेल, असे भय त्याच्या मनात असेल, तर तो झाडाकडे पाहील की स्वतःच्या घराकडे? पाण्याखाली गेलेल्या सुप्याची माणसे रामनगरात आजही नांदत आहेत. काळीच्या खोऱ्यात पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी त्यांना विचारून घ्यावे. या प्रश्नाचे उत्तर देण्यास त्यांच्याइतके अधिकारी दुसरे कुणी नाहीत.